बाल्कनीतली गांडुळं आणि खाली बंद पडलेला हौद

रविवारी सकाळी बाल्कनीत जुनं प्लॅस्टिक अंथरलं आणि त्यावर मोठा टब पालथा केला. पाच महिन्यांचं खत होतं त्यात. काळंभोर, भुसभुशीत, हाताला किंचित ओलसर, आणि वास म्हणाल तर पहिला पाऊस पडल्यावर पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या पायवाटेवर जो येतो ना, तोच. त्याचे सात-आठ निमुळते ढीग केले, उन्हाकडे सरकवले आणि चहा ठेवायला आत गेले. गांडुळांना उजेड सहन होत नाही, ती ढिगात आत आत, खाली खाली जातात, मग वरचा थर हाताने अलगद खरवडून घ्यायचा, परत दहा मिनिटं थांबायचं, परत खरवडायचं. असं चार-पाच वेळा केलं की तळाशी नुसत्या गांडुळांचा गुंता उरतो, लालसर, ओला, शिजवलेल्या शेवयांसारखा एकमेकांत अडकलेला. तो उचलून नव्या टबात ठेवला की झालं. खत वजनकाट्यावर ठेवलं तर साडेसहा किलो भरलं. माझ्याच स्वयंपाकघरातून निघालेली सालं, देठं आणि चहाचा चोथा, त्याचं हे साडेसहा किलो. मला अजूनही दर वेळी तेवढंच नवल वाटतं.

खूप जणी विचारतात की कसं करतेस, वास येत नाही का, किडे होत नाहीत का, फ्लॅटमध्ये जमतं का, म्हणून एकदा सगळं नीट लिहूनच काढते.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. 'गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे' हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले, मुलं ते पाठ करत आली, आणि चौदा वर्षांत मी स्वतः एकदाही गांडूळ हातात घेतलेलं नव्हतं. पण सुरुवात त्यातून नाही झाली. सुरुवात झाली ती आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंमुळे.

मे महिना होता, शाळेला सुट्टी, दुपारी मी रद्दीचा गठ्ठा द्यायला खाली गेले तर ताई शेडमध्ये बसून पिशव्या सोडवत होत्या. कुणीतरी ओलं-सुकं सगळं एकाच काळ्या पिशवीत भरून दिलेलं. आंब्याची सालं, कोयी, उरलेला रस, त्यातच खोकी आणि कागद, आणि न गुंडाळता टाकलेला डायपर. त्या हाताने एकेक वेगळं करत होत्या. एक चांगला जाड खोका उचलून मला दाखवला, रस लागून पार लिबलिबीत झालेला, म्हणाल्या, "हे बघा ताई, कोरडा असता तर किलोनं गेला असता. आता ह्याला भंगारवाला हात लावणार नाही." आपण सुका कचरा देतो तेव्हा त्यातल्या कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, काचेवर त्यांची कमाई असते, आणि आपल्या ओल्या कचऱ्याने ती भिजली की बुडाली, हे इतकं साधं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

पुण्यात हे काम करणाऱ्या बायकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, पुढे त्यातूनच स्वच्छ ही त्यांच्या मालकीची सहकारी संस्था आली आणि २००८ पासून महापालिकेबरोबरच्या करारावर घरोघरचा कचरा गोळा करायला लागली. म्हणजे दारात येते ती बाई कुणा कंत्राटदाराची नोकर नसून त्या संस्थेची सभासद असते. आणि आपण तिच्या हातात काय देतो, तर कुजलेलं पिशवीबंद काहीतरी. तसंच उरुळी देवाची आणि फुरसुंगीचं. तिथल्या पुण्याच्या कचरा डेपोविरुद्ध गावकऱ्यांनी कितीदा गाड्या अडवल्या, विहिरींचं पाणी खराब झालं म्हणून किती वर्षं ओरडत राहिले, ते आपण पेपरात वाचायचो आणि पान उलटायचो. ढिगाखाली दाबल्या गेलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही, तो सडतो, त्यातून मिथेन निघतो आणि काळं पाणी खाली झिरपत जातं. हाच कचरा हवा लागेल असा ठेवला तर त्याचं खत होतं. म्हणजे आपल्या भोपळ्याच्या सालीचा काही दोषच नाही, तिला आपण कुठे आणि कशी टाकतो एवढाच प्रश्न आहे.

मग मी एक आठवडा घरातला ओला कचरा रोज वजन करून लिहून ठेवला. आम्ही घरात चौघं, मी, नवरा, लेक आणि सासूबाई. आठवड्याचा सगळा मिळून साधारण साडेपाच किलो निघाला.

दोन आयताकृती प्लॅस्टिकचे टब घेतले, साधारण चाळीस लिटरचे, झाकणाचे, पारदर्शक नसलेले. इमारतीत कामाला आलेल्या इलेक्ट्रिशियनकडून ड्रिलने तळाला आणि वरच्या कडेला भोकं पाडून घेतली. टब विटांवर ठेवला, खाली जुनी ताटली. खोल डबा घेऊ नका, पसरट घ्या, कारण ही गांडुळं वरच्या फूटभर थरातच राहतात. आत खाली पुठ्ठ्याचे तुकडे, त्यावर भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर्तमानपत्राच्या पट्ट्या (गुळगुळीत रंगीत पुरवण्या नाही घ्यायच्या) आणि दोन-तीन ओंजळी जुनं, मुरलेलं शेणखत. जुनं म्हणजे जुनंच. पहिल्या वेळी मी जिथून गांडुळं घेतली त्यांनी सोबत ताजं शेण दिलं आणि "हे घाला, लगेच वाढतील" म्हणून सांगितलं. ताजं शेण तापतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. तीन दिवसांत निम्मी मेली. मला खूप वाईट वाटलं होतं, कारण आपण विश्वासाने आणलेलं असतं.

गांडुळं कुठली हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात लेकीने मैदानातून एका डबीत सात-आठ गांडुळं गोळा करून आणली, "आई, फुकटात मिळाली!" म्हणून. ती आम्ही संध्याकाळी परत मातीत सोडली. ती मातीत खोल बिळं करून राहणारी असतात, टबात ती जगत नाहीत. आपल्याला हवी असतात ती पालापाचोळ्यात, शेणात, वरच्यावर राहणारी. आपल्याकडे जास्त करून मिळतात ती आयसेनिया फेटिडा, युड्रिलस युजेनी आणि पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस. आयसेनिया लालसर, अंगावर फिक्या पट्ट्या, त्रास दिला की उग्र वासाचा द्रव सोडते, फेटिडा हे नाव त्या वासावरूनच पडलंय. थंडीही सोसते. युड्रिलस लांब, जांभळट चमक असलेली, भराभरा खाणारी, तिला ऊब लागते, आणि पावसाळी हवेत टबाबाहेर पडायची खोड आहे. मी नवशिक्या माणसाला आयसेनियाच सांगेन, पुण्याची डिसेंबर-जानेवारीची थंडी तिला काहीच वाटत नाही.

सासूबाई त्यांना शिदोड म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी नाकाला पदर लावला होता, "घरात कशाला गं हे?" आता त्याच दुपारी झाकण उघडून बघतात आणि मला रिपोर्ट देतात. त्यांच्या माहेरी परसात उकिरडा होता, शेण, राख, उष्टं-खरकटं सगळं त्यात, उन्हाळ्यात गाडीने शेतात जायचं. कचरा असा शब्द आम्ही वापरतच नव्हतो, म्हणतात त्या. आणि मग त्यांची ती म्हण, उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते. आमच्या टबाची पाच महिन्यांत फिटते, असं मी त्यांना सांगते तेव्हा खूश होतात.

आता खाणं. एक गोष्ट समजून घेतली तर निम्मे प्रश्न सुटतात. गांडुळाला दात नसतात. ते ताजी साल कुरतडत नाही. आधी बुरशी आणि जिवाणू त्या सालीवर काम करतात, ती मऊ पडते, आणि मग गांडूळ ती मऊ झालेली साल आणि त्यावरचे जिवाणू दोन्ही खातं. पोटात पेषणी असते तिथे ते दळलं जातं, त्यासाठी त्याला बारीक कच लागते, म्हणून महिन्यातून एकदा अंड्याची टरफलं वाळवून मिक्सरमधून पूड करून भुरभुरवायची, अंडी खात नसाल तर चिमूटभर बारीक वाळू. त्याने आंबटपणाही मारला जातो (वाळूने नाही, टरफलांनी). म्हणून मी सालं बारीक चिरते आणि दोन-तीन दिवस झाकणाच्या डब्यात साठवते, मगच घालते. फ्रीझरमध्ये ठेवून मग काढून घातली तर अजून लवकर मऊ होतात, कारण गोठताना सालीच्या आतल्या पेशी फुटतात.

दुधी, दोडका, भोपळा, काकडी, पपई, केळी, कलिंगड, पालेभाज्यांची देठं, कोबीची वरची पानं हे सगळं आवडीने. कलिंगडाच्या सालीचा आतला पांढरा भाग म्हणजे तर मेजवानी. चहाचा चोथा चालतो पण आपला चहा दूध-साखरेचा, म्हणून तो चाळणीतच पाण्याने धुऊन घ्यायचा. लिंबू, संत्री, मोसंबीची सालं नाही. कांदा-लसणाची सालं नाही, मिरची नाही, आलं नाही. मीठ लागलेलं काहीही नाही, म्हणजे ताटातलं उष्टं, आमटी, लोणचं, फरसाण, सगळं बाद, कारण गांडूळ त्वचेनेच श्वास घेतं आणि ती त्वचा कायम ओलसर राहावी लागते, मीठ तिच्यातलं पाणी ओढून घेतं. तेल-तूप, मटण-मासे, दही-दूध नाही. सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत, तेव्हा आमचा ओला कचरा जवळपास सगळाच टबात जातो आणि त्या चार महिन्यांत खतही छान होतं, हे मी दोन वर्षं बघितलंय. एरवी कांद्याची सालं मी वेगळी वाळवून कुंडीत मातीखाली पुरते.

आणि जितका ओला कचरा तितकाच जवळजवळ सुका हवा. प्रत्येक वेळी खाणं घातलं की वर पुठ्ठ्याचे तुकडे, अंड्यांचे कागदी ट्रे फाडून, किंवा सुकी पानं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यात रस्त्यारस्त्यावर पानगळीचे ढीग पडतात आणि लोक ते पेटवतात, बघून जीव तुटतो. ब्राऊन लीफ नावाची चळवळ पुण्यात त्यासाठीच सुरू झाली, ज्याच्याकडे पानं जास्त त्याने ज्याला हवीत त्याला द्यायची. मी दरवर्षी दोन पोती भरून ठेवते, वर्षभर पुरतात. वास येतो तो सुकं कमी पडलं म्हणूनच. ज्यांनी ज्यांनी मला "आमचा डबा वास मारत होता म्हणून बंद केला" असं सांगितलं, त्या प्रत्येकीला मी विचारलं की वर काय घालत होतीस, आणि उत्तर होतं, काहीच नाही.

ओल किती हवी, तर मूठभर उचलून घट्ट दाबायचं, बोटांतून एक-दोन थेंब पडले तर बरोबर. धार लागली तर जास्त, काहीच नाही आलं तर कमी. ताटलीत जास्तीचं तपकिरी पाणी साचतं त्याला खूप जण वर्मीवॉश म्हणतात, ते वर्मीवॉश नाही. वर्मीवॉश म्हणजे तयार खत आणि जिवंत गांडुळांच्या थरातून मुद्दाम चांगलं पाणी झिरपवून काढतात ते. ताटलीतलं पाणी म्हणजे ओल जास्त झाल्याची खूण, मी ते दहापट पाणी घालून फक्त फुलझाडांना देते.

आता ती गौरीच्या वेळची गोष्ट, जी सांगायला अजून जड जातं.

पहिलंच वर्ष होतं. गौरी जेवल्या, सोळा भाज्यांची सालं-देठं, केळीची पानं, हार, पत्री, सगळं मिळून चार किलोच्या वर असेल. मला वाटलं आपल्याकडे टब आहे तर एवढं बाहेर कशाला द्यायचं. संध्याकाळी सगळं चिरून एकदम टबात भरलं, वर पानं घातली, झाकण लावलं. दुसऱ्या रात्री झाकण उघडून हात घातला तर आत ऊन ऊन लागलं, इडलीचं पीठ फुगून आल्यावर भांड्याला हात लावला की लागतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. एवढा हिरवा माल एका जागी पडला की जिवाणू जोरात कामाला लागतात आणि ढीग तापतो, साध्या कंपोस्टमध्ये ते चांगलंच असतं, पण गांडुळांना पस्तीसच्या पुढे तापमान गेलं की जगणं अवघड. मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं. मी झाकण लावून झोपले.

सकाळी साडेपाचला बाल्कनीचं दार उघडलं तर फरशीवर सगळीकडे गांडुळं. झाकणाच्या आतून, कडेवरून, भोकांतून, जिथून वाट मिळेल तिथून ती बाहेर पडली होती. काही कपड्यांच्या स्टँडखाली, काही पार ड्रेनेजच्या जाळीपर्यंत पोचलेली, आणि जी कोरड्या फरशीवर रात्रभर राहिली ती दोऱ्यासारखी वाळून चिकटलेली. एकेक ओल्या कागदाच्या तुकड्याने उचलली, चिमटीत धरली तर दुखावतात. लेक उठून आली, काही न बोलता माझ्याशेजारी बसली आणि उचलायला लागली. जिवंत होती ती बादलीत ओल्या कोकोपीटवर ठेवली. मेलेली मोजली नाहीत, पण दोन्ही हातांची ओंजळ भरली. ती कुंडीत मोगऱ्याच्या मुळाशी पुरली आम्ही. मग टबातला सगळा माल उपसून जुन्या पातेल्यात पसरला, गार होऊ दिला, आणि पुढचे पंधरा दिवस थोडा थोडा घातला.

त्या दिवसापासून मी टबाला कचऱ्याचा डबा म्हणणं बंद केलं. घरात मांजर असेल तर आपण आपलं उरलेलं सगळं तिच्यापुढे ओतत नाही, ती किती खाते ते बघतो. तसंच आहे हे. पुस्तकात लिहिलेलं असतं की गांडूळ रोज स्वतःच्या निम्म्या वजनाएवढं खातं, म्हणजे एक किलो गांडुळं तर अर्धा किलो कचरा, पण ते सगळं अगदी मनासारखं असेल तर. मी अर्धा किलो गांडुळांना पहिले दोन महिने दिवसाआड मूठ-दोन मूठच घालायचे. आधीचं संपलंय का ते बघायचं आणि मगच पुढचं घालायचं, आणि दर वेळी वेगळ्या कोपऱ्यात पुरायचं, म्हणजे त्यांना नको असेल तर सरकायला जागा राहते. आता दोन्ही टब भरलेले आहेत, आठवड्याचे साडेतीन-चार किलो सहज जिरतात.

रात्री बघायची एक युक्ती सांगते. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा लाल जिलेटीन पेपर उरला होता, तो आम्ही टॉर्चवर दुमडून लावला. लाल उजेड गांडुळांना फारसा जाणवत नाही, ती पळत नाहीत. झाकण हळूच काढून टॉर्च धरला तर पपईच्या सालीखाली वीसेक गांडुळं गोळा झालेली, आणि सालीचा गर सगळा जाऊन वरचा पापुद्रा तेवढा उरलेला, इतका पातळ की त्यातून लाल उजेड आरपार दिसत होता. एक गांडूळ कडेवरून खाली येत होतं, त्याचं तोंडाचं टोक निमुळतं व्हायचं, लांब व्हायचं, इकडेतिकडे चाचपायचं, मग बोथट होऊन टेकायचं आणि मागचं अंग ओढून घ्यायचं. अंधारात चष्मा शोधताना आपलं बोट फिरतं ना, तसं. लेक कुजबुजली, "आई, हे बघ, मोत्यासारखं काहीतरी." ते कोष होते. मोहरीपेक्षा थोडे मोठे, लिंबाच्या आकाराचे, दोन्हीकडे टोक, नवे असतात ते पिवळट आणि पिल्लं बाहेर यायच्या सुमारास लालसर तपकिरी. साधारण तीन आठवड्यांत त्यातून दोन-तीन पिल्लं निघतात, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखी. गांडूळ उभयलिंगी असतं, पण तरी दोघं एकत्र यावी लागतात, आणि ज्याच्या गळ्याशी जाड पट्टा दिसतो ते वयात आलेलं. टब कधी वॉशिंग मशीनजवळ ठेवू नका. गांडुळाला कान नसतात पण हादरे कळतात. डार्विनने गांडुळांच्या कुंड्यांजवळ पियानो वाजवून बघितला होता, त्यांना काही वाटलं नाही, आणि तीच कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला तर ती झटकन बिळात गेली. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलांनी बाकावर डबी ठेवून बाक वाजवायला घेतला, मला थांबवावं लागलं.

पुण्याचा उन्हाळा हा खरा कसोटीचा काळ. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि पश्चिमेच्या बाल्कनीत तर विचारू नका. मी मार्चअखेरीसच टब आत, मोरीजवळच्या बोळात आणते. टबावर ओलं गोणपाट टाकायचं, दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं, माठातलं पाणी जसं गार होतं तसंच हे, पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. फारच तापलं तर पाण्याची छोटी बाटली फ्रीझरमध्ये गोठवून एका कोपऱ्यात ठेवते. आंब्याची सालं मात्र थोडीच, नाहीतर आंबतात आणि चिलटांचा थवा उठतो. चिलटं झाली तर खाणं दोन इंच खाली पुरा आणि वर सुकं वाढवा, आठ दिवसांत कमी होतात. मुंग्या आल्या म्हणजे टब कोरडा पडलाय.

पावसाळ्यात कधीकधी मोठ्या, चपट्या, मातकट आळ्या होतात. मागच्या वर्षी आमच्या शेजारणीने फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि गदारोळ झाला. त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या आळ्या. ती मोठी माशी चावत नाही, घरातल्या अन्नावर बसत नाही. आळ्या खूप खातात आणि टब तापवतात म्हणून मी चमच्याने वेचून गच्चीवर ठेवते, साळुंक्या दहा मिनिटांत फस्त करतात.

गांडूळखत तापत नाही म्हणून त्यात बिया जिवंत राहतात. माझ्या कुंड्यांमध्ये टोमॅटो, भोपळा, मिरची न पेरता उगवते. मोगऱ्याच्या कुंडीत टोमॅटो आला तो मी काढला नाही, सव्वा किलो टोमॅटो दिले त्याने.

आता खालच्या हौदाबद्दल, कारण खरं तर मला त्याबद्दलच बोलायचं होतं. आमच्या इमारतीच्या मागे विटांचे दोन गांडूळखताचे हौद आहेत, वर जाळी, वर पत्रा. पुणे महापालिका गांडूळखत, सोलर, पावसाचं पाणी जिरवणं यासाठी मिळकतकरात सवलत देते, एक प्रकल्प असेल तर ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के. आमच्याकडे तेव्हा ते बांधले गेले, सवलत घेतली गेली, आणि वर्षभरात हौद बंद. मी चौकशी केली तर कळलं की कुणी वाईट हेतूने बंद केले नव्हते. सफाईच्या माणसाने सांगितलं तसं रोज सगळा ओला कचरा आत टाकला, प्लॅस्टिकसकट. हौद तापला की थंडावला, कोरडा पडला की चिखल झाला, हे बघणारं कुणी नव्हतं. एकदा गांडुळं मेली, परत आणली, परत मेली, मग पत्रा लावून टाकला. मिटिंगमध्ये दर वर्षी विषय निघतो आणि दर वर्षी खत करायचं मशीन घेऊया असा सूर लागतो. मशीन घ्या हो, पण बघणारं माणूस लागतंच, ते मशीनमध्ये मिळत नाही. मी हे मिटिंगमध्ये बोलले, जरा चढ्या आवाजात बोलले, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

मग असं ठरलं की आधी एकच हौद, आणि फक्त सहा घरांचा कचरा. सोमवारी आणि गुरुवारी मी बघणार, मंगळवारी आणि शुक्रवारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, बाकीचे दिवस सिक्युरिटीचे काका. काका मूळचे परभणीकडचे, घरी शेती केलेली, त्यांनी पत्रा काढल्याबरोबर आतली माती चिमटीत चोळून बघितली आणि म्हणाले, "ताई, ही तर राख झालीय. आधी चार दिवस नुसतं पाणी मारू, लगेच जीव नका सोडू ह्याच्यात." मी ताबडतोब गांडुळं घेऊन आले होते, ती परत वर नेली.

चार दिवस पाणी मारलं. पाचव्या दिवशी माझ्या पोत्यातली सुकी पानं, काकांनी ओळखीच्या गोठ्यातून आणलेलं वर्षभराचं जुनं शेणखत, त्यावर ओलं गोणपाट. आणि रविवारी टब उपसला तेव्हा त्या शेवयांच्या गुंत्यातला निम्मा एका आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घालून संध्याकाळी खाली नेला. लेकीने वेचलेले कोष वेगळे एका वाटीत. गोणपाट बाजूला केलं, गांडुळं वर नुसती ठेवली, हाताने आत ढकलायची नसतात, उजेड लागला की आपली आपण जातात. पाच-सात मिनिटांत एकेक करून सगळी आत गेली, आम्ही तिघं उभं राहून बघत होतो. मग काकांनी बाजूची मूठभर माती उचलून घट्ट दाबली, बोटांतून दोन थेंब पडले. "एवढं बास ना, ताई?"

एवढं बास.